शेंगा फोडणारा मारेकरी

लग्न होऊन मी वाईहून माधवनगरला आले, तेव्हा आमचे घरमालक मारेकरी आहेत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. कळलं ते शेजारच्या साळूबाईकडून, आडावर पाणी भरताना. "मालक काय करतात हो?" असं मी सहज विचारलं, तर ती दोर ओढता ओढता म्हणाली, "आवं, मानसं मारत्यात."

माझ्या हातातली घागर सुटली आणि पायऱ्यांवरून गडगडत गेली. साळूबाईला हसू आवरेना. "शिनेमात वो, शिनेमात!" ती म्हणाली. पण घागरीच्या आवाजानं मालक, ज्यांना सगळे पैलवान म्हणत, ते स्वतःच बाहेर आले, आणि त्यांना बघून तिच्या खुलाशाचा मला काही फारसा उपयोग झाला नाही. दाराच्या चौकटीत मावणार नाही असा माणूस. डाव्या भुवईपासून गालापर्यंत उतरलेला वण. लहानपणी म्हशीनं शिंग मारलं त्याचा तो वण होता हे मला पुष्कळ नंतर समजलं. त्यांनी माझी घागर उचलली, तिला आलेला पोचा आतून अंगठ्यानं दाबून काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैनी, पायरी निसरडी हाय. उद्या तिला टाकी लावून घेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरी खडबडीत करायला छिन्नी घेऊन पाथरवट आला सुद्धा.

माधवनगरला तेव्हा कापडाच्या गिरणीमुळं वस्ती वाढत होती. आमचे हे गिरणीच्या कचेरीत लागले होते. गिरणीच्या मागं पैलवानांची कौलारू चाळ होती. चार बिऱ्हाडं, आणि टोकाला त्यांची एकट्याची खोली. लग्न केलेलं नव्हतं. मूळचे ते तासगावकडचे. तालमीत वाढले, कुस्त्या करत करत कोल्हापूरला गेले, आणि तिथं स्टुडिओवाल्यांना घोड्यावरून पडणारी माणसं हवी होती म्हणून पैलवान पडायला लागले. घोड्यावरून पडले, माडीवरून पडले, एकदा पन्हाळ्याच्या तटावरून गवताच्या गंजीवर पडले. कित्येक वर्षं असं पडून झाल्यावर एका चित्रपटात त्यांना उभं राहायला मिळालं. तोच तो मारेकऱ्याचा चित्रपट. तो इतका चालला की त्यातून ही चाळ झाली.

पण पाय मात्र त्यांचा मोडलेला होता. नव्या बिऱ्हाडातला प्रत्येक जण विचारायचा, "घोड्यावरून पडलात का?" पैलवान मान हलवायचे. "घोड्यावरनं न्हाई मोडला. स्टुडिओच्या पायरीवर, हातात चहाची कपबशी हुती." पडण्याविषयी त्यांचं एक शास्त्र होतं. "पडायला भ्यायचं न्हाई. भ्यालं की अंग ताठ होतं, आन् ताठ झालं की हाड मोडतं. कपबशी फुटंल म्हनून भ्यालो, तिथं गंडलो." आमच्या ह्यांनी नवी सायकल घेतली, तर चालवायला शिकवायच्या आधी पैलवानांनी त्यांना दोन दिवस नुसतं पडायला शिकवलं.

संध्याकाळी चाळीतली पोरं त्यांच्या ओट्याभोवती जमत आणि म्हणत, "मरून दाखवा!" की पैलवान मरत. गोळी लागून मरत, विष पिऊन मरत, पाठीत खंजीर घुसून मरत. खंजिराचं मरण सगळ्यात लांब होतं. ओट्याच्या या टोकाला सुरू होऊन त्या टोकाला संपायचं, आणि शेवटी एक हात आकाशाकडे जाऊन धप्पकन खाली पडायचा. मग एक डोळा उघडून ते विचारत, "पटलं का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. साळूबाईनं त्यांची आमटी बरी झाली असं सांगितलं तरी तिला विचारायचे, "खरंच पटली, का उगा?"

आणि हा माणूस विंचू मारू शकत नसे. न्हाणीत विंचू निघाला की ते चिमट्यानं धरून रुळांपलीकडे सोडून येत. उंदराचा सापळा उसात नेऊन उघडत. आमचे हे म्हणायचे, "पैलवान, तो उंदीर तुमच्या आधी घरी पोचतो." खाटेत ढेकूण झाले तर खाट उन्हात टाकायची आणि कढत पाणी ओतायच्या वेळेला स्वतः गावात निघून जायचं. एके वर्षी पटकीची साथ आली. सुया टोचायला डॉक्टर चाळीत आले. सगळ्यांना टोचून झालं, पैलवान कुठं दिसेनात. शेवटी पोरांनी दाखवलं. ते कौलांवर पालथे पडून होते. तिथून सुद्धा डॉक्टरांना नमस्कार करून म्हणाले, "सायेब, मला झालीय पटकी. लहानपनीच होऊन गेलीय."

तो चित्रपट मी पुढं सांगलीला नदीकाठच्या तंबूत पाहिला. पुरुष एकीकडे, बायका दोरीच्या पलीकडे, खाली वाळू. पहिल्याच रिळात घोडा सुटतो तो शेवटपर्यंत थांबत नाही. एका सरदाराचा पदरी बाळगलेला मारेकरी, धन्यानं सांगावं आणि यानं मारावं. पुढं धनीच त्याच्या धाकट्या भावाला मारवतो, आणि मग हा एकेकाला शोधत सुटतो. घाटातून घोडे, जळत्या गवतातून उडी, पुलावर तलवारी. श्वास घ्यायला सवड नाही. पण सगळ्यात भीती वाटायची ती पैलवान धावत असताना नाही, बसलेले असताना. ज्याला मारायचं त्याच्या दारासमोर हा मारेकरी येऊन नुसता बसायचा. मुठीत भुईमुगाच्या शेंगा. एक शेंग फोडायची, टच्. दाणे तोंडात टाकायचे, आणि दाराकडे बघत राहायचं. मग उठून जायचं. असा तो बसून गेला की तंबूतल्या बायका पदर तोंडात धरायच्या, कारण त्या घरातला माणूस आता वाचत नाही हे ठरलेलं.

त्या चित्रपटात त्यानं एका म्हाताऱ्या पंतोजीलाही मारलं होतं, आणि ते लोकांना सहन झालेलं नव्हतं. एकदा सांगलीच्या बाजारात पैलवान मेथी घ्यायला गेले. भाजीवालीनं वर बघितलं, वण ओळखला आणि "मास्तराला मारलंस व्हय रं मुडद्या!" म्हणून मेथीची जुडीच त्यांच्या तोंडावर हाणली. पैलवान घरी आले ते फेट्यात अडकलेल्या मेथीच्या काड्या तशाच ठेवून. सगळ्या बिऱ्हाडांना दाखवून झाल्या. "बघा वैनी. कुस्तीत गदा मिळाली तवा बी एवढं बरं वाटलं न्हवतं."

तर अशा माणसाकडे एके दिवशी खरं काम आलं.

माघातली दुपार होती. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. स्टेशनाकडून एक बाई आली. पन्नाशीची, काटक, धूळभरल्या पायांची, काखेत गाठोडं. साळूबाईला तिनं विचारलं, "शेंगा खानारा हितंच ऱ्हातो का?" पैलवान बाहेर आले. ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग गाठोड्यातून एक बोरमाळ काढून तिनं ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "माझ्या लेकाला मारलंय. मारनारा अजून मिशीवर ताव देत हिंडतोय. त्याला तू मारायचा. शिनेमात मारतोस तसा. आदी त्याला कळाय पायजे."

पैलवान तिला म्हणाले, "मावशी, आदी पानी प्या." मग मला हाक मारली.

तिनं सांगितलं ते असं. तिचं गाव मसूर स्टेशनापासून कोसभर. एकुलता मुलगा, शंकर. लढाईचे दिवस होते, धान्याची टंचाई. गावातला बापूराव म्हणून एक मोठा बागायतदार होता, त्यानं जोंधळा पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, दडवून ठेवला होता आणि चोरून चढ्या भावानं विकत होता. गावात पोरं उपाशी. शंकरनं पेवाची जागा चारचौघांत सांगितली. लोकांनी पेव उघडलं, जोंधळा वाटून घेतला. त्यानंतर आठवड्याच्या आत शंकर उसाच्या पाणंदीत पडलेला सापडला. कुऱ्हाडीचा घाव होता. फौजदार येऊन गेला. गावात कुणी तोंड उघडेना. बापूरावाची सगळ्यांना दहशत, आणि त्या दिवसांत सातारा जिल्ह्यातल्या पोलिसांना भूमिगतांच्या मागं धावण्यातून फुरसत नव्हती. प्रकरण मिटलं. मग गावच्या यात्रेत तंबू आला, आणि मावशीनं आयुष्यातला पहिला चित्रपट पाहिला.

"तवा मला कळालं," ती म्हणाली, "की असलं काम करनारं मानूस असतंय."

साळूबाई तोंड उघडायला गेली, "आवं मावशी, ते निस्तं..." पण पैलवानांनी हात वर करून तिला थांबवलं. बोरमाळ उचलून परत मावशीच्या हातात दिली. "काम झाल्याबिगार मी कायबी घेत न्हाई," ते म्हणाले. "पर माझा एक नेम हाय. काम हुईस्तवर तुमी गावाकडं जायचं न्हाई. हितंच ऱ्हायचं."

मावशी आमच्या माजघरात राहिली. तिची पथारी घालून दिल्यावर मी पैलवानांना आडापाशी गाठलं. मला राग आला होता. "तुम्ही खरंच मारणार आहात त्याला?"

"वैनी, मला ढेकूण मारवत न्हाई."

"मग हो कशाला म्हणालात? त्या बाईची थट्टा करता?"

ते खाली बसले. मोडका पाय लांब केला. "मी न्हाई म्हनलो असतो तर ती दुसऱ्याकडं गेली असती. खरं मारनारी मानसं काय कमी हायती? मग बापूराव मेला असता, आन् ही म्हातारी फासावर. माझ्याकडं हाय तवर दोगंबी जित्ती हायती."

"आणि पुढं?"

"पुढलं रीळ मला कुनी दावलेलं न्हाई, वैनी."

मसूरच्या बाजारच्या दिवशी ते गाडीनं गेले. म्हणाले, निदान तो माणूस कसा आहे ते तरी बघून येतो. संध्याकाळी परतले तेव्हा चेहरा चमत्कारिक झालेला. मावशी देवळात गेली होती. त्यांनी मला आणि ह्यांना खोलीत बोलावलं. "स्टेशनापास्नं चालत गेलो. पाय भरून आला. बापूरावाच्या घराम्होरं निंबाखाली दगड हाय, त्याच्यावर टेकलो. भूक लागलीवती, बाजारात शेंगा घेतल्या हुत्या, त्या खाल्ल्या. एवढंच. देवाशपथ एवढंच केलं!" त्यांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "आन् वैनी, पयल्यांदा पोरं पळाली. मग बाया. मग सगळी आळी दारं लावून बसली. माडीच्या खिडकीत एक मानूस दिसला, झुपकेदार मिशांचा. त्यो माज्याकडं बघतोय आन् त्याच्या हातातला हुक्का हालतोय."

यात्रेतल्या तंबूत तो चित्रपट सगळ्या गावानं पाहिला होता. बापूरावानंही.

मग पैलवान दर बाजारच्या दिवशी जायला लागले. जायचं, निंबाखालच्या दगडावर बसायचं, शेंगा खायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. एक शब्द बोलायचा नाही. परत आले की मावशी पाय धुवायला पाणी द्यायची आणि विचारायची, "काय केलंस?" ते सांगायचे. बापूरावानं दाराला दुसरा अडणा बसवला. बापूराव आता मळ्यात जात नाही. बापूरावाचे गडी सोडून गेले. मावशी ऐकायची. आमच्याकडे आली तेव्हा ती कोर-चतकोर भाकरी खायची. आता आख्खी खायला लागली. कधी कधी शंकरविषयी बोलायची. त्याला गूळ-शेंगदाणे आवडायचे, बैलांना नवी नवी नावं द्यायची त्याला हौस होती, झोपेत तो बैलांशी बोलायचा. एकदा हे सांगताना ती हसली, आणि हसली म्हणून स्वतःवरच चिडून उठून गेली.

आमच्या ह्यांना काळजी वाटत होती. "पैलवान, भ्यालेला माणूस वाईट. एक दिवस तो कुऱ्हाड घेऊन खाली उतरेल. तुम्हाला पळता यायचं नाही." पैलवान म्हणायचे, "व्हय, ते हाय."

शेवटी मावशीचाच धीर सुटला. फाल्गुन संपत आला होता. पैलवान सकाळी गेले, हेही कामावर गेले, आणि मावशी गाठोडं बांधून उभी राहिली. "किती दिस सावज हेरायचं? मी जाते. मला डोळ्यांनी बघायचंय." मी पुष्कळ समजावलं. ती निघालीच. तिला एकटीला कसं जाऊ द्यायचं? साळूबाईपाशी निरोप ठेवला, चुलीवरचा भात उतरवला आणि मी तिच्यामागून निघाले. वाईच्या घरात मला कोपऱ्यावरच्या दुकानात सुद्धा एकटीला पाठवत नसत. त्या दिवशी मी परक्या गावाला, परक्या बाईबरोबर, ज्या गावात खून करायचं ठरलं होतं तिथं चालले होते. गाडीत मावशी खिडकीतून नुसती शेतं बघत होती.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आळीच्या तोंडाशीच ओरडणं ऐकू आलं. मावशी पळायला लागली, तिच्यामागून मी.

निंबाखाली पैलवान दगडावर बसले होते. मोडका पाय पुढं लांब. आणि त्यांच्यापुढं झुपकेदार मिशांचा, डोळे खोल गेलेला एक माणूस दोन्ही हातांत कुऱ्हाड धरून उभा होता. घराघरांची दारं किलकिली होत होती, माणसं ओट्यांवर येत होती, पण जवळ कुणी जात नव्हतं.

"कुनी पाठवलं तुला?" बापूराव ओरडत होता. "बोल! कुनी पाठवलं? आज बोलला न्हाईस तर हितंच दोन तुकडे करीन!"

पैलवानांनी शेंग फोडली. टच्. दाणे तळहातावर घेऊन हात त्याच्यापुढं केला. "घे," ते म्हणाले. आवाज अगदी शांत. पण मला त्यांचा दुसरा हात दिसत होता. त्यानं धोतराचा सोगा घट्ट आवळला होता. पळता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

बापूरावानं कुऱ्हाड वर उचलली.

"मी पाठवलंय!"

मावशी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली होती. पदर खांद्यावरून पडलेला, काखेतलं गाठोडं तसंच. "मी पाठवलंय त्याला. मार. पोराला पानंदीत मारलंस, कुनी बघितलं न्हाई. मला सगळ्या गावादेखत मार."

बापूरावाची कुऱ्हाड वरच राहिली. कित्येक आठवडे झोप नसलेला तो माणूस एकदम किंचाळला, "तुझ्या पोरानंच आनली ही येळ! माझं पेव चव्हाट्यावर मांडलं! मी काय त्याला सोडनार हुतो?"

आपण काय बोललो हे त्याला स्वतःला उशिरा कळलं. त्यानं आजूबाजूला बघितलं. ओट्यांवर सगळं गाव उभं होतं. मग समोरच्या ओट्यावरून एक म्हातारा धनगर खाली उतरला. घोंगडी खांद्यावर, काठी टेकत. "मी बगितलंय," तो म्हणाला. "त्या दिशी मेंढरं घिऊन मी पानंदीच्या कडंला हुतो. इतकं दिस भ्यालो." त्याच्यामागून एक बाई म्हणाली, "कुराड त्यानं आमच्या पडक्या हिरीत टाकली. मी आवाज ऐकलावता." एकाचं तोंड उघडलं आणि मग थांबेचना. माणसं ओट्यांवरून उतरून जवळ जवळ यायला लागली.

बापूरावाचे हात खाली आले. पैलवान दगडाला धरून उठले, लंगडत पुढं झाले आणि त्याच्या हातातून कुऱ्हाड अलगद काढून घेतली. त्यानं सोडली. तो गुडघ्यांवरच बसला.

आता मावशी वळली. तिचे डोळे कोरडे होते. "दादा," ती म्हणाली, "आता कर तुझं काम."

सगळं गाव पैलवानांकडे बघत होतं. चित्रपटाचा शेवट असाच होता. पायाशी पडलेला वैरी, हातात पातं, भोवती माणसं. ते त्या कुऱ्हाडीकडे बघत उभे राहिले. त्यांच्या कपाळावरून घाम वणात उतरत होता. मग त्यांनी कुऱ्हाड त्या धनगराच्या हातात दिली आणि मावशीपुढं हात जोडले.

"मावशी, मी नट हाय," ते म्हणाले. "मला मारता येत न्हाई. पडद्यावर मी ज्यांला मारतो ती मानसं सांच्याला माझ्या पंगतीला जेवाय असत्यात. त्यो मास्तर मारला न्हवं, त्याच्या पोरीच्या लग्नाला गेलोवतो मी."

मावशीला ते आधी समजलंच नाही. मग समजलं. तिनं पैलवानांच्या छातीवर मूठ मारली. मग दुसरी. "फसीवलंस मला," ती म्हणत राहिली, "फसीवलंस," आणि मारता मारता तिथंच खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. आमच्याकडे राहिली तेवढ्या दिवसांत ती एकदाही रडली नव्हती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. गावच्या बायका आल्या, कुणी पाणी आणलं, आणि ज्या शेजारणी बापूरावाच्या भीतीनं इतके महिने तिच्याशी बोलत नव्हत्या त्याच तिच्याभोवती बसून रडल्या.

बापूरावाला गावानं त्याच्याच फेट्यानं बांधून बैलगाडीतून कराडला नेलं. पडक्या विहिरीतून पहिली कुऱ्हाड निघाली. मावशी गावातच राहिली. पैलवान आणि मी संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. वाटेत ते एकदाच म्हणाले, "तिला खोटं बोललो मी, वैनी. एवढं दिस." मी म्हटलं, "पण ती जिवंत आहे." घरी हे दाराशी उभेच होते. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, "जेवलीस का?"

खटला साताऱ्याला उभा राहिला. पैलवानांची साक्ष झाली. आम्ही दोघंही गेलो होतो. वकिलानं विचारलं, "धंदा?" आणि त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मारेकरी." कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी सुद्धा रुमाल तोंडाला लावला. पण मावशी हसली नाही. व्हरांड्यात ती आमच्या समोरून गेली. माझ्या गालावरून तिनं हात फिरवला आणि पैलवानांकडे न बघता निघून गेली. बापूरावाला जन्मठेप झाली. ती बातमी ऐकायला सुद्धा पैलवान थांबले नाहीत.

तो पावसाळा त्यांचा वाईट गेला. पोरं "मरून दाखवा" म्हणत आली की ते म्हणायचे, "आज न्हाई." स्टुडिओतून बोलावणं आलं, तेही नाकारलं. मेथीच्या त्या गोष्टीवर कुणी हसलं तर उठून आत जायचे. साळूबाई म्हणायची, "पैलवानांस्नी कुनीतरी खरंच मारलं बघा."

गणपती झाले. पाऊस उघडला. शेतांतून वाफसा आला, आणि एका सकाळी मी अंगणात सडा घालत असताना मावशी दारात उभी. या वेळी काखेत गाठोडं नव्हतं. पाय तसेच धुळीचे. तिनं माझी विचारपूस केली, पाणी प्याली, मला कितवा महिना आहे ते बरोबर ओळखलं. मग सरळ टोकाच्या खोलीपाशी गेली.

पैलवान उंबऱ्यावर विडी ओढत बसले होते. तिला बघून उठले आणि विडी टाकली.

"शाळवाची पेरनी आलीया," मावशी म्हणाली. "शंकरच्या मागं रान पडीक हाय. बैलं दावनीला बसून बसून रोडावली. भावकीतलं कुनी याय तयार हाय, पर मला त्यातलं कुनी नकोय." या वेळी तिनं सरळ त्यांच्याकडे बघितलं. "मारता येत न्हाई म्हनलास. पेरता येतंय का?"

पैलवानांचा चेहरा असा झाला की मी सडा घालायची थांबले. "तासगावचा हाय मी. तालमीत जायच्या आदी पेरनीच्या पाभरीमागंच वाढलोय," ते म्हणाले. मग पायाकडे बघितलं. "पर मावशी, पाय लंगडतोय माझा."

"बैलंबी हळूच चालत्यात," ती म्हणाली. "फेटा बांध. गाडीची येळ झाली."